मदत हवी आहे: विंडोजवरचा शेअर्ड प्रिंटर उबुंटूवरून प्रिंटच करत नाहीये

मंडळी, दोन दिवस झाले डोकं लावतोय, आता तुम्हीच काहीतरी सुचवा.

यूएसबी प्रिंटर विंडोज १० च्या डेस्कटॉपला जोडलाय आणि तिथूनच शेअर केलाय, दुसऱ्या विंडोज लॅपटॉपवरून प्रिंट मस्त निघते, पण माझ्या उबुंटूवाल्या (लिनक्स) लॅपटॉपवरून दिली की जॉब रांगेत जाऊन बसतो आणि शेजारी लिहून येतं 'हेल्ड फॉर ऑथेंटिकेशन', म्हणजे ओळख पटेपर्यंत थांबवलंय. युजरनेम-पासवर्ड टाकला की दोन सेकंद 'प्रोसेसिंग' आणि परत तेच. प्रिंटर हलतसुद्धा नाही.

पिंग जातोय (म्हणजे नेटवर्कवर डेस्कटॉप सापडतोय), विंडोज शेअरिंगचा पोर्ट ४४५ उघडा आहे, फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू आहे. शेअरच्या नावात आधी स्पेस होती ती काढली, प्रिंटर डिलीट करून सांबातून (लिनक्सवरून विंडोजचं शेअरिंग वापरायचं सॉफ्टवेअर) परत अ‍ॅड केला, ड्रायव्हरही बदलून बघितला. काही ठिकाणी एसएमबी १ (विंडोज शेअरिंगच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती) चालू करा असं सांगतात, पण ते जुनं आणि असुरक्षित आहे, ते मला अजिबात करायचं नाहीये.

एक शंका आहे. डेस्कटॉपवर आम्ही पिननेच लॉगिन करतो, आणि पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर खरा पासवर्डच लागतो. मी टाकतोय तो पासवर्डच जुना असेल का? फक्त प्रिंटिंगसाठी वेगळं लोकल अकाउंट काढलं तर चालेल?

की सरळ प्रिंटर उबुंटूला जोडून कप्समधून (लिनक्सची प्रिंटिंग व्यवस्था) शेअर करू आणि विंडोजवर आयपीपीने (नेटवर्कवरून प्रिंट करायचा प्रोटोकॉल) पोर्ट ६३१ वरून घेऊ? कोणी केलं असेल तर प्लीज नीट सांगा, घरात सगळ्यांचीच कामं अडलीयेत.