देखाव्याला हॉलिवूडची नोटीस आली तर?

पेठकर
यंदा मंडळाच्या मीटिंगमध्ये पोरांनी हॉगवर्ट्सचा, म्हणजे हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेचा किल्ला सुचवला. म्हटलं, बाबांनो, कोलकात्यात काय झालं ठाऊक आहे का? कुणालाच नव्हतं, म्हणून हा धागा.

२००७ साली सॉल्ट लेकच्या एफडी ब्लॉकमधल्या दुर्गापूजेचा मांडव हॉगवर्ट्ससारखा उभारला होता. हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग आणि सिनेमे काढणारी कंपनी वॉर्नर ब्रदर्स थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २० लाखांची भरपाई मागितली. कोर्टाने भरपाई दिली नाही, पूजा संपेपर्यंत मांडवही राहू दिला. पण यापुढे परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही, असं बजावलं.

माझ्या मते हा निव्वळ दांडगेपणा. चार दिवसांचा बांबू-कापडाचा मांडव, त्याने कुणाचा सिनेमा पडला? उलट फुकटात जाहिरातच झाली असती.

तिरकस_आडवी
असहमत. आपल्याकडे देखाव्याला तिकीट नसतं हो, पण गेल्या वर्षी तुमच्याच कमानीवर काय काय होतं ते आठवा. वर बिल्डर, खाली ज्वेलर्स, दोन्ही खांबांवर हात जोडलेले भावी नगरसेवक. बाप्पा कुठे आहे ते मान वाकडी करून शोधावं लागत होतं. हे लोक पैसे देतात ते गर्दी बघून. उद्या ती गर्दी किल्ला बघायला येणार, म्हणजे किल्ला ज्याचा त्याचा वाटा नको?

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चेस्टनट हिलमध्ये हॅरी पॉटरची जत्रा भरायची, हजारो लोक यायचे. २०१८ मध्ये वॉर्नरने कळवलं की त्यातली नावं, ठिकाणं, वस्तू वापरायच्या नाहीत. चाहते जमले तर आनंदच आहे, आक्षेप आहे तो विनापरवाना धंद्याला, असं कंपनीचं म्हणणं. यात चुकलं काय? शिवाय गप्प बसलं तर हक्कच जातो ना त्यांचा.

पेठकर
जत्रेमुळे गल्लीतल्या दुकानांचे गल्ले भरले तर कंपनीचा खिसा कसा कापला गेला? आधीची वर्षं चालू दिलं, बाजार फुगल्यावर जाग आली. आणि आमचा तर धार्मिक उत्सव आहे.

कलम_५२
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. गप्प बसल्याने हक्क पातळ होतो तो ट्रेडमार्कचा, म्हणजे धंद्याच्या नाव-चिन्हावरचा. कॉपीराइट, म्हणजे कलाकृतीवरचा हक्क, तसा जात नाही. त्यामुळे 'कंपनीचा नाइलाज होता' हे कॉपीराइटपुरतं तरी मानू नका.

पेठकर, कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभाची सूट आहे खरी, पण ती साहित्य, नाटक, संगीत सादर करायला आणि ध्वनिमुद्रण वाजवायला. दुसऱ्याच्या सिनेमातलं नेपथ्य जसंच्या तसं उभारायला नाही. मात्र जादूगारांचा किल्ला या कल्पनेवर कुणाचीच मालकी नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. तेव्हा किल्ला बांधा, फक्त *तो* किल्ला नको.

खळवाला
मी बावीस वर्षं हलते देखावे करतोय. एकदा गरुड केला होता. पंखांना सायकलची चेन आणि गाडीच्या वायपरची मोटर. डावा पंख उजव्यापेक्षा जरासा उशिरा हलायचा, शेवटपर्यंत जमलंच नाही ते. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मंडळात तोच गरुड. तीच चेन, आणि डावा पंखही तसाच उशिरा! पहिलं बक्षीस त्यांना. विचारायला गेलो तर म्हणे, 'बाप्पाचं काम आहे, त्यात हक्क कसला?'

म्हणून कंपनीला सरसकट शिव्या द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण २० लाख? आधी एक साधं पत्र टाकायला काय झालं होतं? मला वकील परवडत नाही आणि त्यांच्याकडे वकिलांची फौज, म्हणून एकच कायदा मला एक दिसतो नि त्यांना दुसरा.

तिरकस_आडवी
गरुडाबद्दल वाईट वाटलं. २० लाखांवर सहमत, बाकी मतावर ठाम. चाहत्यांना मार्ग काढता येतो. हॅरी पॉटरमधला झाडूवरचा खेळ क्विडिच, तो खरोखर खेळणाऱ्यांनी २०२२ मध्ये खेळाचं नावच क्वाडबॉल केलं. रोलिंगबाईंच्या ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या मतांपासून लांब राहायचं होतं आणि ट्रेडमार्कचं लचांडही नको होतं. खेळ चालूच आहे.

पेठकर
ठीक. काल परत बसलो. परवानगीचं पत्र लिहायचं ठरलं, पण इंग्रजीत कोण लिहिणार यावर अर्धा तास गेला आणि विषय बारगळला. आता 'जादूची शाळा' करू म्हणतात. गोल चष्मा काढला, कपाळावरची खूण काढली, किल्ल्याचे मनोरेही वेगळे केले. उरला झाडूवर बसलेला पोरगा. सेक्रेटरी म्हणाले, राहू दे तसाच, कुणी विचारलं तर स्वच्छता अभियान म्हणून सांगू.

खळवाला
झाडू हलता हवा असेल तर सांगा. वायपरची मोटर पडून आहे.