झेडपी शाळेचा पट घसरतोय, ३० सप्टेंबरच्या आत काय करता येईल? मदत हवी आहे

समिती_सदस्य: नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमच्या शाळेचा पट दरवर्षी कमी होतोय आणि आता सर म्हणतात ३० सप्टेंबरच्या पटावरून शिक्षकांची पदं ठरतात, असंच चाललं तर एक शिक्षक जाणार. गावात पोरं तर दिसतात, मग पट का घसरतो? काय करायचं ते लवकर सांगा.

निवृत्त_गुरुजी: शाळा कितवीपर्यंत? पट किती, शिक्षक किती? हे कळल्याशिवाय काय सांगणार दादा.

आई_दोघांची: सेमी इंग्रजी सुरू करा. आमच्याकडे सेमी झाल्यावर व्हॅनने बाहेरच्या इंग्रजी शाळेत जाणारी पोरं परत आली, बाकी सगळं नंतर बघा.

निवृत्त_गुरुजी: ताई, दोन माणसांनी चार वर्ग सांभाळायचे, त्यात एकजण कायम ऑनलाइन माहिती भरत बसलेला, सेमी शिकवणार कोण? आणि सगळं खापर व्हॅनवर फोडू नका, जन्मच कमी झालेत. एनएफएचएस-५ (२०१९-२१) या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे, म्हणजे एका बाईमागे दोन मुलंसुद्धा नाहीत.

आई_दोघांची: जन्म कमी झाले तर मग रोज सकाळी व्हॅन भरून कोण जातं?

समिती_सदस्य: राहिलंच सांगायचं. पहिली ते चौथी, पट २३, शिक्षक दोन. चौथीत ९ आहेत ती पुढच्या वर्षी जाणार, पहिलीत यंदा फक्त ३ आलीत.

कलम_बघा: आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) परिशिष्टात ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक स्पष्ट लिहिलेत. शिक्षक काढूच शकत नाहीत, सरळ निवेदन द्या.

निवृत्त_गुरुजी: कायदा तसाच आहे हो, पण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर २० च्या आत पट गेला की दुसरं नियमित पद धोक्यात येतं. निवेदन जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. यांचे ९ गेले की उरले १४.

पालक_शहरातून: खासगी शाळेतल्या आरटीई २५ टक्क्यांच्या ऑनलाइन प्रवेशाला जन्मदाखला आणि रहिवासी पुरावा आधीच काढून ठेवा, ऐनवेळी फार धावपळ होते.

आई_दोघांची: अहो त्यांनी ते विचारलंच नाही.

अंगणवाडीवाली: दादा, भांडणात पडू नका, अंगणवाडीचं रजिस्टर मागा. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी किती ते मोजा आणि पहिलीतल्या नावांशी ताडा, जी नाहीत ती बाहेर जातात. मग तीन वर्षांखालची मोजा, पुढे किती येणार ते तिथेच कळतं. ऊसतोडीला जाणारी घरं वेगळी लिहा, त्यांची पोरं सप्टेंबरला पटावर असतात आणि दिवाळीनंतर वर्ग रिकामा. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी आत्ताच करा, आईबाप निघाल्यावर काही उपयोग नाही.

समिती_सदस्य: ताई, बघितलं रजिस्टर. पहिलीच्या वयाची ८ निघाली, ३ आमच्याकडे, ४ व्हॅनने, एक मामाकडे. पण तीन वर्षांखालची सगळी मिळून ५च आहेत हो! म्हणजे व्हॅनवाले सगळे परत आणले तरी पुढे अवघडच. ऊसतोडीची दोन घरं आहेत, त्यातल्या एका पोराचं आधारच नाही, तो रोज वर्गात बसतो. तो पटात धरतात का?

निवृत्त_गुरुजी: वर्गात बसू द्या, आधार नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरवताना, आधार जुळलेलीच नावं बघतात, म्हणून आधी त्याचं आधार काढा. जन्मदाखला आहे का त्याचा?