अश्वगंधा: वजन राखून मुळातलं विथानोलाइड कसं वाढवावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बुलढाणा जिल्ह्यात आमची उताराची, मुरमाड जमीन आहे. सोयाबीन तिथं दम धरत नाही, म्हणून त्या तुकड्यात अश्वगंधा घेतो. आजवर माल मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीत जायचा. तिथला व्यापारी मूळ हातात घेऊन मोडून बघतो. कटकन तुटलं, आतून पांढरंशुभ्र निघालं आणि जाडी बरी असली की भाव चढा. आता अर्क काढणारा एक कारखाना थेट खरेदीला तयार आहे, पण त्यांचा भाव एचपीएलसी तपासणीत (प्रयोगशाळेत द्रव्यं वेगळी करून मोजतात ती) विथानोलाइड, म्हणजे मुळातलं औषधी द्रव्य, किती टक्के येतं यावर ठरणार. इथंच आमची गाडी अडली आहे. पीक कसं घ्यावं याची मिळते ती सगळी माहिती वजनाची. मुळात औषध किती उतरतं याबद्दल कुणी धड बोलत नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. ताण बसला की झाड स्वतःच्या बचावासाठी अशी द्रव्यं जास्त बनवतं, असं वाचलंय. पटतंही. पण ताणात मूळ बारीक राहतं. समजा, पाणी देऊन एकरी 4 क्विंटल सुकी मुळं मिळाली आणि विथानोलाइड 0.4 टक्के आलं, तर एकूण 1.6 किलो. ताण देऊन 3 क्विंटल मिळाली आणि टक्का 0.5 वर गेला, तर 1.5 किलोच. म्हणजे टक्का वाढूनही एकूण औषध घटलं. (आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेत.) मग ताण द्यायचाच तर कधी? शेवटच्या महिन्यात पाणी तोडून कुणाला फरक पडलाय का?

दुसरा प्रश्न नत्राचा. युरिया जास्त झाला की पाला माजतो आणि मुळं पोसत नाहीत, हे डोळ्यांनी दिसतं. शेणखत किंवा गांडूळखतावर घेतलेल्या मुळांचा टक्का खरंच वर जातो का? एकच वाण, एकच शेत, अर्ध्यात शेणखत आणि अर्ध्यात रासायनिक खत, अशी तुलना कुणी केली असेल तर ती मला सगळ्यात मोलाची. नुसतं 'सेंद्रिय म्हणजे चांगलंच' एवढ्यावर पेरणी ठरवता येत नाही.

काढणी साधारण 150 ते 180 दिवसांनी, पानं पिवळी पडून फळं लाल झाली की करतो. लवकर काढलं तर टक्का जास्त मिळतो की कमी? आणि बारीक उपमुळांचं काय? मंडीत ती खालच्या प्रतीत जातात, पण कारखान्याच्या तपासणीत कदाचित तीच सरस ठरतील. वेगळी तपासून घेतलीत का कुणी?

वाळवण्याचंही विचारायचं आहे. तुळस, गवती चहाचं समजतं. त्यांचं सुगंधी तेल उडून जातं म्हणून सावली लागते. विथानोलाइड तसं उडणारं नाही. तरी कडक उन्हानं त्याची नासाडी होते का?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पानांत विथाफेरिन-ए (विथानोलाइडचाच एक प्रकार) भरपूर असतं, त्यामुळे पाला मिसळला की आकडा फुगतो, हे ठाऊक आहे. आयुष मंत्रालयानं 2021 मध्ये औषध उत्पादकांना पानं टाळून फक्त मुळं वापरायला सांगितलंय. खाणाऱ्याच्या पोटात जाणारी वस्तू आहे. आमच्या पोत्यात पाला जाणार नाही.

वाणाबद्दलही सांगा. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पती संशोधन संस्थेचं पोषिता आणि मध्य प्रदेशातलं जवाहर आसगंध-20 ही दोन नावं ऐकून आहे. हलक्या जमिनीत कोणतं बरं? अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथं जाणारच आहे, पण पिकवणाऱ्यांचा अनुभवही हवा.

कुणाकडे तपासणीचा अहवाल असेल तर टक्क्यासोबत वाण, पेरणी-काढणीच्या तारखा आणि जमीन कशी हेही लिहा, म्हणजे माझ्या शेताशी ताडून बघता येईल.