‘सबस्क्राइब’ला काय म्हणावं : वर्गणी, पट्टी की पॅक?

मांजराकाठ (लातूर)
मंडळी, अडकलोय. जाहिराती अडवणाऱ्या एका ब्राउझर एक्स्टेन्शनचं (ब्राउझरला जोडायची छोटी सोय) मदतपान हौसेखातर मराठीत करतोय. त्यातल्या एकाच परिच्छेदात ‘सबस्क्राइब’ तीनदा आलाय आणि तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा. यूट्यूबवरचं चॅनेल सबस्क्राइब करायला छदाम लागत नाही. यूट्यूब प्रीमियमच्या, म्हणजे पैसे भरून जाहिराती टाळायच्या, सबस्क्रिप्शनला महिन्याला १४९ रुपये पडतात. तिसरं म्हणजे अडवायच्या जाहिरातींच्या तयार याद्या असतात, ईझीलिस्ट वगैरे, त्यांनाही ‘सबस्क्राइब’च करायचं. यादी आपोआप ताजी होत राहते, पैशाचा संबंध नाही.
मी तिन्हीकडे ‘वर्गणी’ घातलं आणि आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग त्या भजनवाल्या चॅनेलची वर्गणी कोण भरायलंय?” दुसऱ्या दिवशी तिनं चार-पाच चॅनेलं काढून टाकली, उगं मागं लागतील म्हणून.
‘ॲड ब्लॉकर’लाही शब्द हवाय. सध्या ‘जाहिरातरोधक’ लिहिलंय. सुचवा.

शब्दवेल्हाळ
वर्गणी हा उत्तम शब्द आहे, त्याला हात लावू नका. मासिकांचे ‘वर्गणीदार’ आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. बाकी दोन अर्थांना वेगळे शब्द घ्या: चॅनेलसाठी ‘अनुसरण’, यादीसाठी ‘अनुयोजन’. आणि ‘जाहिरात’ही मुळात अरबी ‘जाहिर’वरून आलेला. ‘विज्ञापन’ का नको? म्हणजे ‘विज्ञापनरोधक’. कानालाही बरं वाटतं.

मोंढावाला
कोणाच्या कानाला? आमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ‘विज्ञापनरोधक’ म्हणलं तर हमाल विचारंल, कोणत्या पिकावर मारायचं?
वर्गणी शब्द शहरातला. आमच्याकडं पट्टी. गणपतीची पट्टी, सप्त्याची पट्टी. सप्ता बसायच्या आधी चावडीवर बसून ठरतं, घरटी किती अन् एकरी किती. मग चार जण वही घेऊन फिरतात.

बालाघाटी
भाऊ, पट्टी म्हणजे गावानं लावलेली. नाही म्हणायची सोय नसते. घरपट्टी, पाणीपट्टी त्याच जातीतल्या. वर्गणी नाही दिली तर फार तर मंडळाची पोरं तोंड वाकडं करतात. प्रीमियम घ्या म्हणून यूट्यूब काही दारात उभं राहत नाही.

एक_खिडकी
दर पाच मिनिटाला उभं राहतं की. अन् वही घेऊन नाही, वाजतगाजत.

चार्जर_कुठंय
सगळे काका लोक जमलेत. प्रत्यक्षात कोणीच वर्गणीही म्हणत नाही आणि पट्टीही. आमच्या होस्टेलवर ‘पॅक मारला’ नाहीतर ‘रिचार्ज टाकला’ म्हणतात. “प्रीमियमचा रिचार्ज संपला बे” हे रोजचं वाक्य आहे. चॅनेलला मात्र ‘सबस्क्राइब’च. लिहायचं ते लोक बोलतात तसं लिहा.

शब्दवेल्हाळ
लोक बोलतात तसंच लिहायचं ठरलं तर शब्दचर्चा हवीच कशाला? शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हाही लोक फारसी शब्द सुखाने बोलतच होते. सावरकरांनी ‘महापौर’ दिला तेव्हा हसणारे कमी नव्हते. आज कोण हसतं?

पिक्सेल_नांदेडी
‘रोधक’वर माझा आक्षेप तांत्रिक आहे. ॲड ब्लॉकर आलेली जाहिरात अडवत नाही. पान उघडताना ब्राउझर इकडून तिकडून पन्नास गोष्टी मागवतो. हे एक्स्टेन्शन प्रत्येक मागणीचा पत्ता यादीशी ताडून पाहतं आणि यादीत सापडला तर मागवूच देत नाही. जाहिरात निघतच नाही तर रोधणार कशाला? मधल्या राहिलेल्या रिकाम्या जागा झाकायचं काम वेगळं.
यूट्यूबवर हे जड जातं, कारण तिथं जाहिरात आणि व्हिडिओ एकाच घरून येतात. म्हणून घरच्या राउटरवर पत्ते बंद करून यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत. २०२३ च्या शेवटी त्यांनी ब्लॉकर ओळखून व्हिडिओच थांबवायला सुरुवात केली; तीन व्हिडिओ बघू देऊ, पुढं नाही, अशी पाटी यायची. मग क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलले, त्या नव्या नियमांचं नाव मॅनिफेस्ट व्ही३. यूब्लॉक ओरिजिन नावाचा जुना ब्लॉकर क्रोमवरून गेला, त्याची हलकी ‘लाइट’ आवृत्ती राहिली. फायरफॉक्सवर जुना अजून चालतो.
तर माझं मत ‘जाहिरात-चाळणी’. यादीला मूळ इंग्रजीतही ‘फिल्टर’च म्हणतात.

बालाघाटी
चाळणीत खडे वर राहतात आणि धान्य खाली पडतं. तुम्ही म्हणता तसं असेल तर खडे शेतातच राहिले. चाळणी नाही जमत.

गोदाताई (पैठण)
मला ‘रोधक’ चालेल. ‘गतिरोधक’ आपण म्हणतोच, आणि त्यानं गाडी थांबते थोडीच? नुसती आदळते.

मोंढावाला
ताई, आमच्या रस्त्यावर या. खड्डा कुठला अन् गतिरोधक कुठला, पाटीवर वाचूनच कळतं.

काळी_माती
मी सोयाबीन-हरभऱ्यावर व्हिडिओ करतो. लहान चॅनेल आहे. इथं सगळे बघणाऱ्यांच्या बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितो. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीतून जे येतं त्यातले ५५ टक्के करणाऱ्याला मिळतात. तुम्ही ब्लॉकर लावून बघितलं तर त्या बघण्याचे मला शून्य. प्रीमियमवाल्यानं बघितलं तर त्याच्या पैशातला वाटा, तो माझे व्हिडिओ किती वेळ बघतो त्या हिशोबानं, माझ्याकडं येतो. म्हणून माझ्या दृष्टीनं शब्द एकच : फुकटे. करपा कसा ओळखायचा हे दाखवायला मी उन्हात तीन तास उभा राहतो, अन् हे मधली पाच सेकंदं बघायला तयार नाहीत.

चार्जर_कुठंय
पाच सेकंदं कुठली दादा, दोन दोन जाहिराती येतात आणि दुसरी स्किप होत नाही. त्यात आधी रमीच्या यायच्या, आता झटपट कर्जाच्या. आजोबांच्या हातात फोन दिला की भीती वाटते कुठं बोट लागतंय.

मोंढावाला
काळी_माती, ते ५५ टक्क्याचं म्हणजे आमच्या दुसऱ्या पट्टीसारखं झालं. माल विकला की अडत्या शेतकऱ्याला कागद देतो ना, त्यालाही पट्टीच म्हणतात. वजन, भाव, अन् खाली वजावट : हमाली, तोलाई. जे उरलं ते तुमचं. तिथं पट्टी म्हणजे मिळणारे पैसे, सप्त्याला पट्टी म्हणजे जाणारे पैसे. एकच शब्द दोन्हीकडून चालतो, कोणाचं काही अडत नाही. मांजराकाठ, तुम्हाला तीन अर्थाचं भ्या कशाला?

मांजराकाठ
कारण इथं तिन्ही अर्थ एकाच वाक्यात आहेत :) वाक्य साधारण असं आहे : तुम्ही पैसे भरून सबस्क्रिप्शन घेतलं असेल, तर सबस्क्राइब केलेल्या चॅनेलसाठी यादीचं सबस्क्रिप्शन बंद ठेवा.

जुनं_टपाल
निवृत्त टपाल कर्मचारी आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. रेडिओला लायसन लागायचं. छोटं पुस्तक असे, दरवर्षी पोस्टात यायचं, पैसे भरायचे, आम्ही आत तिकिटं लावून शिक्का मारायचो. खेड्यातली माणसं ‘रेडिओची वर्गणी’ असं कधी म्हणाली नाहीत. ‘लायसन भरायला आलोय’ म्हणत. आणि विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती सुरू झालेल्याच होत्या. म्हणजे लायसनही भरा आणि जाहिरातीही ऐका. तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. ऐंशीच्या दशकात लायसन गेलं, जाहिराती राहिल्या.

पिक्सेल_नांदेडी
आता गाडी परत तिथंच आली. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून वर्षाचे पैसे भरूनही जाहिराती दिसतात. नको असतील तर वर आणखी ६९९ भरा.

एक_खिडकी
पट्टीवर उपपट्टी.

मांजराकाठ
बरं, ‘ॲड-फ्री’चंही विचारून घेतो. ‘जाहिरातमुक्त’ लिहिलंय.

बालाघाटी
‘मुक्त’ शब्दावरचा माझा विश्वास उडालाय. आमच्या गावाच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी आहे. पाटीपर्यंत नाक दाबून यावं लागतं. त्याखाली ‘तंटामुक्त गाव’, आणि पाटी कोणी लावायची यावरून झालेला तंटा अजून मिटला नाही.

पिक्सेल_नांदेडी
मग शब्द अचूक आहे. यूट्यूबचं ८९ रुपयांचं स्वस्त प्रीमियम लाइट घेतलं तरी गाण्यांवर आणि शॉर्ट्सवर जाहिराती येतात.

गोदाताई
‘बिनजाहिरातीचं’ म्हणा ना सरळ. बिनसाखरेचा चहा कळतो, तसंच हेही कळेल.

शब्दवेल्हाळ
‘बिन’ हाही फारसीकडून आल्याचा संशय आहे. असो. काळी_मातीसाहेबांच्या ‘फुकटे’वर बोलतो. फुकट हा ‘फुंकणे’पासून आला असावा असं मला वाटतं. फुंकरीने उडून जाईल इतकं ज्याचं मोल, ते फुकट.

बालाघाटी
आधार?

शब्दवेल्हाळ
आधार नाही, अंदाज आहे. तसं स्पष्ट म्हटलंय.

जुनं_टपाल
ब्लॉकरवाल्यांना फुकटे म्हणणं मला पटत नाही. वडील सांगायचे, निजामाच्या राज्यात हद्दीवर करोडगिरीचा नाका असायचा. पलीकडच्या इंग्रजी मुलखातून कापड आणलं तर तिथं महसूल भरायचा. बरीच मंडळी बांधाबांधानं, ओढ्यातून यायची. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, ‘नाका चुकवला’ म्हणत. ब्लॉकरला ‘नाकाचुकव’ म्हणा. त्यात निंदाही नाही आणि स्तुतीही नाही.

चार्जर_कुठंय
नाकाचुकव!! हे आवडलं. उद्यापासून हेच.

काळी_माती
नाका सरकारचा होता. इथं नाक्यावर मी बसलोय, तेही ५५ टक्क्यावर. माझा नाका चुकवून माझ्याच शेतात यायलेत अन् वर म्हणतात निंदा करू नका.

मोंढावाला
पण दादा, प्रीमियम घेणारा तरी नाक्यावर काय देतो? वर्गणी देणाऱ्याला मंडपात जागा मिळते, पट्टी देणाऱ्याला पंगतीत पान मिळतं. हा पैसे देतो ते त्रास देऊ नका म्हणून. याला आमच्याकडं जो शब्द आहे तो इथं लिहिला तर संपादक उडवतील.

पिक्सेल_नांदेडी
‘हप्ता’ म्हणायचंय का? तो तर कर्जाचाही असतो.

एक_खिडकी
कर्जाच्या जाहिरातीला कर्जाचाच हप्ता. बसलं फिट.

शब्दवेल्हाळ
करोडगिरी, नाका, हप्ता, लायसन. मूळ प्रश्न मराठी शब्दाचा होता, हे नम्रपणे नमूद करतो.

गोदाताई
काका, माझ्याच गावचं उदाहरण देते. नाथमहाराजांनी ‘अर्जदस्त’ लिहिलं, जाबचिठ्ठी लिहिली, कौल लिहिला. कचेरीत चालायची ती फारसी वळणाची भाषा उचलून भारुडात घातली, कारण समोर बसलेल्यांना ती रोज ऐकू यायची. संस्कृत त्यांना येत नव्हतं असं तर तुम्ही म्हणणार नाही ना? त्यांना ‘अर्ज’ चालला, मग या लेकरांचा ‘पॅक’ आपल्याला का खुपतो?

शब्दवेल्हाळ
नाथांनी अर्ज देवाकडे केला, ताई. पॅकवाल्यांचं तसं नाही. आणि नाथांच्या नंतर शंभर वर्षांनी राज्यव्यवहारकोशाची गरज पडलीच.

मांजराकाठ
सध्या असं ठेवतोय : चॅनेल ‘फॉलो करा’, प्रीमियमला ‘पैसे भरून सदस्य व्हा’, यादीला ‘यादी जोडा’. ब्लॉकर राहिला. ‘जाहिरातरोधक’ आणि ‘नाकाचुकव’ दोन्ही कंसात टाकले तर चालेल का? पान शुक्रवारी द्यायचंय.

चार्जर_कुठंय
चॅनेलला ‘फॉलो’ चालणार नाही, ते इन्स्टाचं आहे. आत्या पुन्हा गोंधळेल.

बालाघाटी
गोदाताई, त्या जाबचिठ्ठीतला ‘जाब’ म्हणजे ‘जाब विचारणे’मधलाच का?

गोदाताई
हो, तोच. जवाब. जाबचिठ्ठी म्हणजे उत्तराची चिठ्ठी.

बालाघाटी
मग ‘जाब विचारणे’ म्हणजे उत्तर विचारणे झालं. उत्तर मागतात, विचारतात तो प्रश्न. हे कसं काय रूढ झालं?

शब्दवेल्हाळ
यावर माझ्याकडे जुनी टिपणं आहेत. जेवून येतो, सविस्तर लिहितो.

मोंढावाला
आमच्याकडं ‘जाब देणे’ पण म्हणतात. ते आधी सांगा.