मदत हवी आहे: ८० च्या वर स्टेअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनही तसंच

मंडळी, गाडीतलं कळणारे कुणी असाल तर जरा बघा. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१८ ची, ५० हजाराच्या पुढे चाललेली. राहायला कासारवडवलीला, म्हणजे रोजचं ड्रायव्हिंग घोडबंदर रोडवर, तिथे ४० चा स्पीड मिळाला तरी पेढे वाटावे लागतील, त्यामुळे आधी काही जाणवलंच नाही. पावसाळा संपल्यावर एक्सप्रेसवेने पुण्याला गेलो तेव्हा ८० ला स्टेअरिंगमध्ये थरथर सुरू झाली, ९० ला सगळ्यात जास्त, आणि १०० ला परत थोडी कमी. सीट हलत नाही. ब्रेक मारल्यावर वाढत नाही. गाडी कुठल्या एका बाजूला ओढतही नाही. घराजवळच्या टायरवाल्याने बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) आणि अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं) दोन्ही केलं, मशीनवर शून्य-शून्य दाखवलं, पैसे घेतले, थरथर तश्शीच. मग सर्व्हिस सेंटरला दाखवली तर तो म्हणतो चारही टायर बदला, लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) आणि शॉकअप पण संपलेत. टायर २०२३ चे आहेत हो! आईबाबांना घेऊन समृद्धीने नागपूरला जायचंय, भिवंडीजवळ आमण्याला चढलं की सलग ७०० किमी, तिथे १२० अलाऊड आहे, आणि अशा गाडीने जायची हिंमत होत नाहीये. एवढा खर्च खरंच करावा लागेल का, की आधी काही तपासता येईल?

वागळे_इस्टेटवाला: नायट्रोजन भरून बघा, माझी गाडी एकदम स्मूथ झाली.

नेरूळचा_काका: नायट्रोजनने थरथर जात नाही हो, उगाच त्यांना खर्चात पाडू नका. आणि अलाइनमेंटचाही इथे संबंध नाही, ते बिघडलं तर गाडी ओढते, टायर एका बाजूने खातात, पण थरथरत नाही. तुम्ही दिलेली माहिती चांगली आहे, त्यावरूनच बरंच कळतंय. ठराविक स्पीडला येऊन पुढे कमी होते म्हणजे चाकाचा प्रॉब्लेम. १५ इंची चाक ९० ला सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं, तो ठोका सस्पेन्शनच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला की थरथर मोठी होते, स्पीड वाढला की सुटते. ब्रेक मारल्यावरच आली असती तर डिस्क बघायला सांगितली असती. स्टेअरिंगमध्ये येते म्हणून पुढची चाकं, सीटखाली आली असती तर मागची.

आता फुकटातली टेस्ट. मोकळ्या सरळ रस्त्यावर ९० ला ॲक्सिलरेटर पूर्ण सोडा. थरथर तशीच राहिली तर चाकं. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येत असेल तर एक्सलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट. नंतर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून बघा.

कासारवडवली (धागाकर्ता): काका, टेस्ट कुठे करू? अटल सेतू चालेल का, तिथे १०० अलाऊड आहे. आणि अदलाबदलीऐवजी स्टेपनी लावून बघितली तर?

नेरूळचा_काका: सेतूवर गाडी थांबवता येत नाही, पण टेस्टला थांबायची गरजच नाही, पहाटे जा. स्टेपनी मात्र आधी बघा, बऱ्याच गाड्यांना १४ इंची देतात आणि वर ८० च्या पुढे जाऊ नका असा स्टिकर असतो. तसली असेल तर टेस्टला उपयोगाची नाही.

ऐरोली_मेकॅनिकल: एक राहिलं. चाक काढाल तेव्हा रिमच्या आत चिखल वाळून बसलाय का बघा, पावसाळ्यानंतर हे हमखास असतं. आणि बॅलन्सिंगवाला जुनी वजनं काढून मग नवीन लावतो का, का जुन्यावरच चिकटवत जातो, तेही तिथे उभं राहून बघा, चहाला जाऊ नका.

कासारवडवली: अपडेट. स्टेपनी १४ इंचीच निघाली, म्हणून पुढची-मागची अदलाबदल केली. स्टेअरिंग एकदम शांत, थरथर सीटखाली आली!! मग दुसऱ्या टायरवाल्याकडे गेलो, त्याला म्हटलं बॅलन्सिंग नको, नुसतं फिरवून दाखव. डावीकडचं, म्हणजे आधी पुढे असलेलं, मशीनवर फिरताना चक्क वर-खाली होत होतं. रिमची आतली कड वाकलीय, बाहेरून पत्ताच लागत नव्हता. टायरला आतल्या बाजूने छोटा फुगा पण आलाय. खड्ड्यातच आपटली असणार, घोडबंदरला खड्डे काय मोजायचे! पण मग पहिल्या मशीनवर शून्य कसं आलं?

नेरूळचा_काका: मशीन वजन मोजतं, गोलाई नाही. वाकड्या चाकाला पण वजनं लावून शून्य आणता येतं, रस्त्यावर ते उड्या मारणारच. फुगलेल्या टायरने समृद्धीवर अजिबात जाऊ नका, आतले धागे तुटलेत, तो कधीही फुटेल. पत्र्याची रिम असेल तर सरळ होते, पण नवीन फार महाग नसते, नवीनच घ्या.

कासारवडवली: पत्र्याचीच आहे, नवीन सांगितली. लोअर आर्मचं काय? आणि टायर एकच घेऊ का दोन?

ऐरोली_मेकॅनिकल: लोअर आर्म कुणाच्या सांगण्यावर बदलू नका, गाडी लिफ्टवर घेऊन बुशला (आर्मच्या टोकाच्या रबरी जोडाला) पहारीने हलवून दाखवायला सांगा, प्ले म्हणजे ढिलेपणा दिसला तर बदला. टायर दोन घ्या, एकाच एक्सलला, आणि नवीन दोन्ही मागे टाका, पावसात मागची बाजू घसरली तर सावरता येत नाही. चाकं बसवल्यावर ५०-१०० किमी चालली की नट परत टाइट करून घ्या, नागपूरला निघायच्या आधी.