रानवाटेवर लाकडी प्राणी: लाकूड कुठलं घ्यावं?

सत्तरीकर: मंडळी, गावात कुळागरातून (पोफळी-माडांच्या बागेतून) ओहोळापर्यंत पायवाट आहे, फाट्याफाट्यावर पाट्यांऐवजी लाकडात कोरलेले प्राणी उभे करायचं चाललंय, म्हणजे गवा दिसला की डावीकडे, शेकरू दिसली की उजवीकडे, बारक्या पोरांनाही कळेल. पण आपल्या पावसात टिकतील का? फणस चालेल?

सुतारपक्षी: चालेल, पण नुसता पिवळा गाभा घ्या, बाहेरचं पांढरट लाकूड वाळवी आधी खाते. पांगारा अजिबात नको, सावंतवाडीची खेळणी त्याची होतात कारण तो हलका नि मऊ, पण उघड्यावर कुजतो. आणि मुख्य म्हणजे मातीत पुरू नका हो, जांभ्या चिऱ्यावर बसवा, बूड ओलं राहिलं की तिथूनच सगळं जातं.

रांपणकार: होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल पावसाआधी लावा. हातमोजे घालूनच, कातडी भाजते.

पाखरूवेडी: किती छान! गवा आपल्या गोव्याचा राज्यप्राणी, तो हवाच, सोबत राज्यपक्षी बुलबुल पण घ्या ना. शिंगं, चोच जाडच ठेवा, तीच आधी तुटतात. वाघ करणार असाल तर गावकऱ्यांना विचारा, आपल्याकडे तो वाघ्रो म्हणून पुजतात. वाट अभयारण्यात शिरत असेल तर वनखात्याची परवानगी आधी.