सल्ला हवा आहे: सासूबाईंच्या आयरिश आजीचे गाव आणि परदेशी पांगलेली तिची भावंडे कशी शोधावीत?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई मोंटाना राज्यातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात वाढल्या, आणि त्यांच्या आईची आई आयर्लंडहून तिथे आली होती. ती खाणकामगारांच्या खानावळीत काम करत असे आणि पुढे तिने खाणीतल्याच एका आयरिश माणसाशी लग्न केले, एवढे घरात सांगितले जाते. तिचे माहेरचे आडनाव सलिव्हन, तिच्या आईचे माहेरचे आडनाव हॅरिंग्टन, काउंटी (म्हणजे जिल्हा) कॉर्क, आणि १९०० च्या अमेरिकी जनगणनेनुसार जन्म मार्च १८७६ व आगमन १८९४, याखेरीज आमच्या हाती काही नाही. तिचा एक भाऊ ऑस्ट्रेलियाला गेला आणि दुसरा ब्रिटिश फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात पुण्याकडे होता, असेही सासूबाईंनी लहानपणी ऐकले आहे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना आयर्लंडला न्यायचे आहे आणि नुसते कॉर्क शहर दाखवून परत आणण्यात अर्थ नाही, त्यांना नेमके गाव हवे आहे. पैसे भरून कोणत्या संकेतस्थळाचे सदस्यत्व घ्यावे, डीएनए चाचणी करावी का, आणि भावांचा माग कुठून धरावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तरी

सध्या कुठेही पैसे भरू नका आणि आयर्लंडच्या नोंदीही अजून उघडू नका. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून अधिक 'टाउनलँड' आहेत, म्हणजे आपल्या वाडी-वस्तीएवढे जमिनीचे लहानलहान तुकडे, आणि तिथल्या बहुतेक नोंदी त्या तुकड्यापाशी किंवा पॅरिशपाशी, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भागापाशी, बांधलेल्या असतात. कॉर्कमध्ये सलिव्हन इतके आहेत की केवळ आडनाव आणि काउंटी घेऊन शोधणाऱ्याला एकाच नावाच्या डझनभर मुली सापडतात आणि त्यांतली आपली कोणती हे ठरवायला काहीच हाती नसते. गावाचे नाव जवळजवळ नेहमी स्थलांतरिताच्या नव्या देशातल्या कागदांत सापडते, म्हणून आधी मोंटाना पुरते धुंडाळा.

आजीचे स्वतःचे नागरिकत्वाचे कागद बहुधा मिळणार नाहीत, कारण १९२२ पूर्वी विवाहित स्त्रीचे नागरिकत्व नवऱ्याच्या मागोमाग जात असे. मात्र नवऱ्याने सप्टेंबर १९०६ नंतर अर्ज केला असेल तर त्यात त्याच्या जन्मस्थळाबरोबर पत्नीचेही जन्मस्थळ लिहिलेले असते. त्याआधीच्या अर्जांवर नुसते 'आयर्लंड' एवढाच शब्द आढळतो. चर्चमधील लग्नाची मूळ नोंद मागवाच, कारण सरकारी विवाहपत्रापेक्षा कॅथलिक नोंदवहीत वधूचा मूळ पॅरिश येण्याची शक्यता अधिक असते. मृत्यूचा दाखला, थडग्यावरचा मजकूर, स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता आणि ब्यूटमधले सार्वजनिक अभिलेखागार हेही पाहावे, आणि केवळ आजीच्याच नव्हे तर ब्यूटमध्ये आलेल्या तिच्या प्रत्येक भावंडाच्या, मावसभावाच्या आणि लग्नातल्या साक्षीदारांच्याही निधनवार्ता वाचाव्यात. आजीच्या बातमीत गाळलेले गाव बहिणीच्या बातमीत छापलेले असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. १८९३ पासून जहाजाच्या प्रवासी यादीत 'कोणत्या नातेवाइकाकडे जाणार' हा रकाना आहे, त्यामुळे १८९४ ची यादी सापडल्यास आधी आलेल्या नातेवाइकाचे नाव मिळू शकेल.

कॉर्ककर

दप्तरींशी मी सहमत आहे, पण सलिव्हन, हॅरिंग्टन आणि ब्यूट ही तिन्ही नावे एकत्र वाचल्यावर इथे कॉर्कमध्ये राहणाऱ्या माणसाच्या मनात पहिले नाव येते ते बेरा द्वीपकल्पाचे. काउंटीच्या पश्चिम टोकाला ॲलिहीज येथे १८१२ पासून तांब्याच्या खाणी चालत होत्या, त्या १८८० च्या दशकात बंद पडल्या आणि तिथले खाणकामगार व त्यांचे गणगोत मोठ्या संख्येने ब्यूटला गेले. हा पुरावा नव्हे, पण शोधाला दिशा मिळते.

बेरा काउंटी कॉर्कमध्ये असला तरी कॅथलिक चर्चच्या दृष्टीने तो केरीच्या धर्मप्रांतात मोडतो. 'कॉर्क म्हणजे कॉर्कचा धर्मप्रांत' असे गृहीत धरून शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही. केरीच्या या नोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत आणि पॅरिशच्या मूळ वह्यांच्या प्रतिमा राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये ऑनलाइन खुल्या केल्या आहेत, त्याही विनामूल्य. रूट्सआयर्लंड हे सशुल्क संकेतस्थळ अन्य काउंट्यांसाठी उत्तम आहे, परंतु तुमच्या कामासाठी निदान आज त्याची गरज दिसत नाही.

सर्व जन्म, मृत्यू आणि विवाहांची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली (कॅथलिकेतर विवाहांची १८४५ पासूनच होती), म्हणजे १८७६ चा जन्म नोंदलेला असायला हवा. जन्म नोंदवण्याची मुदत ठरलेली होती आणि फार उशीर झाला की दंड भरावा लागे, म्हणून शेतकरी आईबाप निबंधकापुढे जन्मतारीख सर्रास पुढे ढकलून सांगत. त्यामुळे चर्चच्या वहीत बाप्तिस्मा १० मार्चचा आणि सरकारी दाखल्यावर जन्म २ एप्रिलचा अशी उलटी जोडी दिसली, तर ती दोन वेगळी मुले आहेत असे समजू नये. मार्च १८७६ या तारखेलाही चिकटून राहू नका. १८७२ पासून १८८० पर्यंत सर्व पाहा.

१९०० पूर्वीच्या सरकारी जन्मनोंदींच्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव येत नाही, ते फक्त मूळ पानाच्या प्रतिमेवर असते. म्हणून कॅसलटाउन या नोंदणी जिल्ह्यातल्या त्या वर्षांतल्या सर्व सलिव्हन जन्मांच्या प्रतिमा एकेक करून उघडाव्यात आणि आई हॅरिंग्टन असलेल्यांची टाउनलँडनिहाय वेगळी यादी करावी. काम कंटाळवाणे आहे, परंतु त्यातून एकेका घरातली सगळी भावंडे एकत्र दिसू लागतात आणि तुमचे ऑस्ट्रेलियाचे व फौजेतले भाऊही त्यांतच असतील. सलिव्हन आणि ओ'सलिव्हन ही दोन्ही रूपे तपासावीत. चर्चच्या वह्यांत लॅटिन वापरलेले असेल तर जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस झालेला दिसेल. आयरिश मृत्युनोंदीत आईवडिलांची नावे नसतात, तेव्हा वंशावळ वर नेण्यासाठी ती फारशी कामाची नाही. विवाहनोंदीत मात्र दोन्ही बाजूंच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय असतात.

आजीचे आईवडील मागे राहिले असतील तर ते १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत सापडावेत. दोन्ही राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. वृद्ध माणसे या दहा वर्षांत चौदा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतील, कारण जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले आणि वय वाढवून सांगण्यात लाभ होता. त्याआधीच्या जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका. १८२१ ते १८५१ च्या बहुतांश १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराबरोबर जळाल्या, १८६१ व १८७१ च्या त्याआधीच सरकारने नष्ट केल्या होत्या आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेल्या. त्यांच्या जागी ग्रिफिथचे मूल्यांकन वापरतात, ज्यात १८४७ ते १८६४ या काळात प्रत्येक जमीन व घर कोणाच्या ताब्यात होते हे लिहिले आहे.

खडकीवाला

फौजेतल्या भावापुरते लिहितो. कॉर्क-केरीकडचा तरुण रॉयल मन्स्टर फ्युजिलियर्समध्ये भरती झाला असण्याची शक्यता बरीच आहे. ही पलटण १८८१ मध्ये कंपनी सरकारच्या जुन्या बंगाल फ्युजिलियर्सच्या दोन पलटणी मिळून झाली आणि तिचे मुख्य ठाणे केरीतल्या ट्रॅली गावी होते. तो पेन्शन घेऊन सुटला असेल तर लंडनच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९७ या मालिकेत त्याचे सेवापत्र असू शकते आणि त्यावर जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. म्हणजे बहिणीचे गाव भावाच्या कागदावरूनही मिळू शकेल.

तो इकडेच वारला असेल किंवा त्याने इकडेच लग्न केले असेल, तर मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत एन ३ या मालिकेत आहेत. त्या फाइंडमायपास्टवर पैसे भरून पाहता येतात, पण त्याआधी फिबिस या हिंदुस्थानातल्या ब्रिटिश घराण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेची विनामूल्य सूची पाहावी. 'पुण्याकडे' या शब्दात मात्र खडकी, देवळाली, अहमदनगर असे सगळेच येते, हे लक्षात असू द्यावे.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. दप्तरींच्या सांगण्यावरून सासूबाईंनी आपल्या मावसबहिणीला फोन केला, आणि तिच्या प्रार्थनापुस्तकात आजीच्या थोरल्या बहिणीच्या निधनाचे कात्रण निघाले. त्यात ती 'आयरीज, काउंटी कॉर्क' येथील असल्याचे छापले आहे. नकाशावर पाहिले तर ते गाव खरोखरच बेरावर आहे. आता पुढे काय करावे? आणि डीएनएबद्दल कोणी सांगेल का?

कॉर्ककर

फारच छान. आयरीज हे गावही आहे आणि कॅथलिक पॅरिशही आहे, तेव्हा प्रथम त्या पॅरिशच्या वहीत हॅरिंग्टन आईच्या मुलांचे बाप्तिस्मे काढावेत आणि बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची नावेही टिपून ठेवावीत, कारण ते बहुधा काका-मावशा असतात. जमिनीच्या नोंदीत मात्र 'आयरीज पॅरिश' शोधू नका. तिथे सरकारी पॅरिशांचे विभाजन वेगळे असून हा भाग किलकॅथरिन या नावाखाली पाहावा. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तीन सलिव्हन असले तर ग्रिफिथमध्ये नावापुढे कंसात वडिलांचे नाव किंवा केसांचा रंग लिहून त्यांना वेगळे केलेले असते. तो कंस अजिबात सोडू नका, घराण्याची शाखा त्यावरूनच ठरते.

टाउनलँड नक्की झाल्यावर डब्लिनच्या मूल्यांकन कार्यालयाच्या (२०२३ मध्ये ते टेल्टे एरन या सरकारी संस्थेत विलीन झाले) 'कॅन्सल्ड बुक्स' मागवा. ती आपल्या फेरफार नोंदींसारखी आहेत. जमिनीचा कब्जेदार बदलला की जुने नाव खोडून नवे लिहिले जाई, आणि प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाची शाई वापरत, त्यामुळे एकाच पानावर लाल, निळ्या, हिरव्या शाईत बाप, मुलगा आणि जावई ओळीने दिसतात. आज त्या जमिनीवर कोण आहे इथपर्यंत पोचण्याचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

दप्तरी

डीएनए करायची असेल तर तुमच्या यजमानांची नव्हे, सासूबाईंची करा, आणि ती लवकर करा. आजीच्या भावंडांची नातवंडे ही सासूबाईंच्या बरोबरीची पिढी आहे. त्यांच्याशी सासूबाईंचा जितका अंश जुळेल त्याच्या सरासरी निम्माच तुमच्या यजमानांशी जुळेल. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन नातेवाईक सापडण्याच्या दृष्टीने ॲन्सेस्ट्री या कंपनीचा डीएनए संग्रह सर्वांत मोठा आहे. बेरासारख्या ठिकाणी तीच चार-पाच आडनावे पिढ्यानपिढ्या आपसांत लग्ने करत आली आहेत, म्हणून संगणकाने 'तिसऱ्या फळीतले भावंड' म्हटले तरी प्रत्यक्ष नाते त्याहून लांबचे असू शकते. कागदाचा आधार मिळेपर्यंत वंशावळीत कोणाचेही नाव जोडू नका. घरात माहीत नसलेली नातीही अशा चाचणीतून उघड होतात, याची कल्पना सासूबाईंना आधी द्यावी.

ऑस्ट्रेलियाच्या भावासाठी न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया इथले मृत्यूचे दाखले पाहा. आयरिश मृत्युनोंदीत जे नसते ते सारे तिथे असते: आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थळ, वसाहतीत किती वर्षे झाली आणि मुलांची नावे व वये. अर्थात माहिती देणारा घरमालक असेल तर निम्मे रकाने 'माहीत नाही' असेच निघतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या विनामूल्य संग्रहात जुनी वर्तमानपत्रे आहेत. तिथे आडनावाबरोबर आयरीज आणि ब्यूट हे दोन्ही शब्द घालून पाहा, कारण निधनवार्तेत परदेशातल्या बहिणींचा उल्लेख करण्याची पद्धत होती.

कॉर्ककर

एक राहिले. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या प्रतिमा साधारण १८८० पर्यंतच आहेत, धाकट्या भावंडांच्या नोंदींची मूळ वही पॅरिशच्या कार्यालयात असेल. तिथे पत्र पाठवताना संपूर्ण कुळाचा इतिहास लिहू नये; आईवडिलांची नावे, टाउनलँड आणि अंदाजे वर्षे एवढेच एका पानात लिहावे, चर्चसाठी छोटीशी देणगी जोडावी आणि उत्तराला वेळ द्यावा. प्रवासाच्या तारखा ठरल्या की त्याही कळवा. शनिवार संध्याकाळ आणि रविवार सकाळ सोडून भेट मागितलीत तर वही दाखवायला कोणी मोकळे असण्याची शक्यता अधिक.